बोट दाखविणारा

मराठी भाषेत बोट दाखविणाऱ्या माणसाला फारसा मान नाही. ज्याला स्वतः काही करावयाचे नसते तो इतरांकडे बोट दाखवितो, अशी आपली समजूत आहे. दुसऱ्याकडे एक बोट रोखले की उरलेली तीन आपल्याचकडे वळलेली असतात, हे आपण मुलांना शाळेतच ऐकवितो. उंटावरून शेळ्या हाकणारा हा त्याचाच चुलतभाऊ. तात्पर्य, हात राबतात, पाय धावतात, पाठ ओझे उचलते. बोट मात्र दोष तेवढे दाखविते, असा आपल्या लोकव्यवहाराचा निवाडा आहे.

हा निवाडा जेथे लागू पडत नाही अशी एक जागा आम्हांस ठाऊक आहे. आणि भाषेची गंमत अशी, की त्या जागेचे नावही बोटच! लहान बोटीवरून माणूस पाण्यात पडला, की पहिल्याने ओरडून सर्वांना सावध करावयाचे, हाताशी असेल ते तरंगणारे साहित्य त्याच्या दिशेने फेकावयाचे, आणि त्याच क्षणी एका माणसाने पडलेल्यावर बोट रोखून उभे राहावयाचे, असा दर्यावर्दी लोकांचा जगभरचा नियम आहे. या माणसाने दोर गोळा करावयाचा नाही, इंजिनाकडे पाहावयाचे नाही, रडणाऱ्या मुलाला उगी करावयाचे नाही. बोट वळेल तसा त्याचा हात वळेल. नजर मात्र त्या एका डोक्यावरून हलता कामा नये. बाकीच्यांनी काय करावे यासंबंधी निरनिराळ्या बोटींचे निरनिराळे रिवाज आहेत. या एका कामाविषयी मतभेद नाही.

समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरच्या बंगळूर शहरात बसून आम्ही ही उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. समुद्र येथून दूर आहे हे खरे. परंतु पाणी तितके दूर नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आउटर रिंग रोडलगतच्या वसाहतींतून माणसे ट्रॅक्टरांत आणि रबरी होड्यांत बसवून बाहेर काढावी लागली. २१ मे २०२३ रोजी के. आर. सर्कलच्या भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात एक मोटार बुडाली आणि एका बावीस वर्षांच्या तरुणीचा अंत झाला. पण आमचे खरे कारण याहून खाजगी आहे. ते पुढे येईलच.

प्रथम या नियमामागची कारणे पाहू. ताशी सहा सागरी मैल हा काही मोठा वेग नव्हे. खाडीतली साधी यांत्रिक होडीही तो गाठते. परंतु या वेगाने होडी सेकंदाला तीन मीटर पुढे जाते. काय झाले हे कळून, ओरड होऊन, सुकाणू फिरेपर्यंत अर्धे मिनिट गेले, तर पडलेला माणूस नव्वद मीटर मागे राहिलेला असतो. आता पाण्यातल्या माणसाचे दिसते किती? डोके, म्हणजे एका नारळाएवढी वस्तू. लाट मीटरभर उंचीची असली तरी तो नारळ निम्मा वेळ लाटेआड असतो. शिवाय बोट वळली की सूर्य, किनारा, वारा यांच्या दिशा पाहणाऱ्याच्या भोवती फिरतात आणि ‘तो तेथे होता’ या वाक्यातल्या ‘तेथे’ला काही अर्थच उरत नाही. समुद्राच्या पृष्ठावर खूण करता येत नाही. हल्ली उपग्रहाच्या साह्याने पडल्याची जागा टिपून ठेवणारे बटण आले आहे. पण ते जागा टिपते, माणूस टिपत नाही, आणि माणूस प्रवाहाबरोबर पुढे जात असतो.

बुडणारा हाक मारील, हात हलवील, अशी आपली कल्पना असते. ती नाटक-सिनेमांनी करून दिलेली आहे. ज्याला पोहता येत नाही त्याची सारी शक्ती श्वास घेण्यात खर्च होते. शब्दासाठी त्याच्यापाशी वारा उरत नाही. त्याचे हात वर येत नाहीत. तोंड पाण्याबाहेर राहावे म्हणून ते दोन्ही बाजूंना पाणी दाबीत असतात. बहुधा मिनिटभराच्या आत, कसलाही गाजावाजा न होता, तो खाली जातो. जो स्वतःकडे लक्ष वेधून घेऊ शकत नाही, त्याच्याकडे दुसऱ्या कोणी तरी लक्ष ठेवणे हाच त्याच्या जीविताचा आधार.

त्यापुढचे काम सुकाणू धरणाऱ्याचे. माणूस ज्या अंगाला पडला त्याच अंगाला तो सुकाणू फिरवितो, म्हणजे बोटीची पिछाडी आणि तिच्याखालचा पंखा पडलेल्यापासून दूर सरकतो. वळसा घेऊन तो बेताबेताने जवळ येतो आणि माणूस हाताशी आला की पंखा थांबवितो. त्यानंतर भिजलेल्या, हतबल झालेल्या देहाला काठावरून आत घ्यावयाचे असते; ज्यांनी हे केले आहे ते सांगतात की सर्वांत अवघड भाग हाच. शिडी नसेल तर दोराचा न सरकणारा फास काखेखालून घालून दोघातिघांना ओढावे लागते. पण हे सारे कौशल्य दाखवावयाचे ते कोठे? समोरच्या पाण्यात माणूस असेल तर. एरिक तबार्ली हा फ्रान्सचा थोर दर्यावर्दी जून १९९८ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यालगत आपल्या आवडत्या नौकेवरून रात्री समुद्रात फेकला गेला. बरोबरचे लोक होते, नौका शाबूत होती, अनुभवाला तोटा नव्हता. अंधारात तो त्यांना पुन्हा सापडला नाही.

आता नीतीचा प्रश्न. माणूस बुडताना दिसला तर काठावरच्याच्या मनाची पहिली उसळी उडी घेण्याची असते. निदान आपण तशी उडी घेऊ अशी प्रत्येकाची मनातून खात्री असते. विहिरीत पडू पाहणाऱ्या मुलाला पाहून कोणाचेही काळीज हलते, आणि माणसाच्या ठिकाणी चांगुलपणाचे बीज आहे ते याच हलण्यात, असे चिनी तत्त्वज्ञ मेन्सियस तेवीसशे वर्षांपूर्वी सांगून गेला. ते खोटे नाही. परंतु काळीज हलणे निराळे आणि उडी घेणे निराळे. पोहण्याची तयारी नसलेल्याने उडी घेतली की वाचवावयाची माणसे दोन होतात आणि वाचविणारे हात दोहोंनी उणे होतात. म्हणून जीवरक्षकांना शिकवितात तो क्रम उलटा आहे: आधी हात किंवा काठी पोचवा, नाही तर दोर फेका, नाही तर होडी न्या, पाण्यात उतरणे सर्वांत शेवटी. आपल्या लेकरामागे उडी टाकणाऱ्या आईला हा क्रम ऐकविण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्याला असा अधिकार नाही, ज्याचे बुडणाऱ्याशी नाते नाही, त्याने काय करावे हा खरा प्रश्न आहे. कारण जगातले बहुतेक बुडणारे आपले कोणी नसतात.

त्याने बोट रोखून उभे राहावे, हे उत्तर ऐकावयास सोपे आणि थोडे लाजिरवाणे वाटते. भित्र्याला यापेक्षा सोयीचे काम कोणते? आम्हांलाही एके काळी असेच वाटत असे.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही मालवणकडे गेलो होतो. कर्लीच्या खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी ओढ घेत होते आणि आमच्या लहानशा होडीत दहाबारा माणसे होती. लाइफजॅकेटे बाकाखाली नीट रचून ठेवलेली होती; ती तेथून काढावीत असे कोणालाच वाटले नव्हते, आम्हांलाही नाही. आमच्या समोरचे एक मध्यमवयीन गृहस्थ पिशवी सारखी करण्यासाठी उभे राहिले, होडी डचमळली आणि ते आवाजसुद्धा न करता पाण्यात गेले. कोणी तरी किंचाळले. तांडेलाने एक रिकामा प्लास्टिकचा कॅन त्यांच्यामागे भिरकावला, सुकाणू फिरविले आणि नेमके आमच्याकडे पाहून तो म्हणाला, “साहेब, तुमी कायेक करू नकात. तेच्यावर बोट धरा. नजर काढू नकात.”

आम्ही उभे राहून बोट रोखले. ते डोके दिसत होते, जात होते, पुन्हा दिसत होते. किती वेळ गेला कोण जाणे, फार नसावा. मग होडी फारच हळू वळते आहे असे आम्हांस वाटले, आणि तांडेल ती बरोबर वळवीत आहे की नाही हे पाहावयास आम्ही मागे वळलो. एक निमिष, फार तर दोन. पुन्हा पाहतो तो पुढे नुसते पाणी. “खंय?” तांडेलाने विचारले. आमचा हात अजून वर होता. तो तसाच ठेवून आम्ही अंदाजाने एका लाटेकडे बोट दाखविले.

तेवढ्यात मागच्या बाकावर मासळीची रिकामी टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी ओरडली, “थंय न्हय! थंय बघ, त्या फेसाच्या उजवेक!” तिला कोणी काम सांगितले नव्हते. पहिल्या किंचाळीपासून तिने त्या माणसावरून डोळा काढला नव्हता, इतकेच. होडी तिच्या बोटाच्या रोखाने गेली. कॅनला मिठी मारून ते गृहस्थ तेथे होते.

धक्क्यावर उतरल्यावर ते आमच्यापाशी आले. ओल्या हातांनी त्यांनी आमचे हात धरले आणि म्हणाले, “वर आलो की तुमचा हात दिसत होता. कुणीतरी आपल्याकडे बघतंय, एवढं कळत होतं. म्हणून दम धरला.” आम्ही काही बोललो नाही. म्हातारी शेजारीच टोपलीचा चुंबळ सारखा करीत होती. तिने आमच्याकडे एकदा पाहिले आणि ती वाटेला लागली.

तो दिवस आमच्या मनातून गेलेला नाही, आणि त्यातून दोन गोष्टी आम्हांस कळल्या. पहिली ही, की ते बोट दोघांसाठी असते. सुकाणूवाल्याला ते दिशा सांगते आणि बुडणाऱ्याला सांगते की त्याचा विसर पडलेला नाही. दुसरी गोष्ट कबूल करावयास कठीण आहे. आमची नजर भीतीने ढळली नाही, कंटाळ्यानेही नाही. ती ढळली ती दुसऱ्याचे काम तपासण्यासाठी. म्हणजे ज्या बोटाने माणूस दाखवावयाचा, त्याच बोटाला दोष दाखविण्याची जुनी सवय नडली. दोन्ही कामे एकाच बोटाची आहेत, पण एकाच क्षणी दोन्ही होत नाहीत.

आपल्याकडे पाहण्याला तत्त्वज्ञानात मोठे स्थान आहे. सांख्यांचा पुरुष काही करीत नाही, केवळ पाहतो. वेदान्ताचा साक्षी सुखदुःखांपासून अलिप्त असतो. जो गुंतलेला नाही तोच निर्मळ पाहू शकतो, ही त्यामागची धारणा. होडीतला साक्षी याच्या अगदी उलट आहे. तोही काही करीत नाही, पण तो उदासीन झाला की माणूस मरतो. त्याचे पाहणे त्याला मोकळे करीत नाही, उलट बांधून टाकते. शास्त्रकारांच्या शाखाचंद्रन्यायात झाडाच्या फांदीच्या खुणेने चंद्र दाखवितात आणि चंद्र दिसला की फांदी विसरावयाची असते. तेथे चंद्राला त्याचे काही नसते. येथे ज्याला दाखवावयाचे तोच दाखविणाऱ्याच्या हातावर जगतो.

यावर कोणी म्हणेल, मग रस्त्यावरच्या अपघाताभोवती कोंडाळे करून मोबाइलवर चित्रण करणारेही नजर न काढता पाहतच असतात. त्यांनाही पुण्यवान म्हणावे काय? आक्षेप बिनतोड वाटतो, पण भेद स्पष्ट आहे. त्यांचे पाहणे ज्याला काही करता येईल अशा माणसापर्यंत पोचत नाही. ते ज्यांना काहीच करावयाचे नाही अशा हजारोंपर्यंत पोचते. होडीतल्या बोटाला एक ठरलेला वाचक असतो, तो म्हणजे सुकाणू धरणारा. त्याला जे सांगत नाही ते पाहणे बघ्याचे.

कायद्यानेही हा भेद आपल्या रीतीने केलेला दिसतो. जमिनीवर बुडणाऱ्या परक्या माणसाला वाचविण्यास न धावल्याबद्दल आपल्याकडे सामान्यतः शिक्षा नाही. ज्याच्यावर कायद्याने तसे कर्तव्य आहे त्याचीच चूक धरली जाते. जखमींना मदत करणाऱ्यांचा छळ होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक नियमांना मान्यता दिली, कर्नाटकाने त्यासाठी केलेल्या कायद्याला २०१८ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद आली. हे सारे मदत करणाऱ्याला अभय देते. मदत करच, असे म्हणत नाही. समुद्रावर मात्र असे म्हटले आहे. १९८२ च्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कराराचे ९८ वे कलम सांगते की आपले जहाज आणि आपली माणसे यांना गंभीर धोका नसेल, तर समुद्रात जीव धोक्यात असलेल्या कोणालाही जहाजाच्या कप्तानाने साहाय्य केलेच पाहिजे. जमिनीवर आपण असे समजून चालतो की दुसरा कोणी तरी येईल. पाण्यावर दुसरा कोणी नसतो, म्हणून तेथे नियम कडक झाला.

तो केवळ कागदावर नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली; किनाऱ्यावर बातमी उशिरा पोचली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली. पंधरा माणसे दगावली, पण आसपासच्या बोटी पाहत होत्या आणि त्या धावल्या, म्हणून पाण्यातली बहुतेक माणसे वाचली. सप्टेंबर २०१८ मध्ये कमांडर अभिलाष टॉमी हे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करीत असता दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांची ‘थुरिया’ नौका उलथली आणि पाठीच्या दुखापतीने त्यांना हलताही येईना. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ही नौका. तिच्यावर बोट दाखविणारे दुसरे कोणी नव्हते. ते काम मॉरिशसहून उडालेल्या नौदलाच्या विमानाने केले. त्या विमानाला खाली उतरता येत नव्हते, जखमी माणसाला उचलता येत नव्हते. ‘येथे आहे’ एवढेच सांगता येत होते. त्यानंतर फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या जहाजाने त्यांना उचलून घेतले. त्या वैमानिकांनी काही केले नाही, असे म्हणावयास कोणी धजेल काय?

आता एक गोष्ट आमच्या पेशातली. आम्ही सरकारी कारकून. निर्णय घेण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. सुकाणू दुसऱ्याच्या हाती, आमच्या हाती बोट. कागदावर टिप्पणी लिहून योग्य त्या जागी साहेबांचे लक्ष वेधणे, एवढेच आमचे काम. एका मृत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंबनिवृत्तिवेतन दोन कागदांवरच्या जन्मतारखा जुळत नसल्यामुळे अडले होते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती तुमकूरहून बसने येत असे आणि आम्ही फाइल वर काढीत असू. पुढे आमची शाखा बदलली. कार्यभार देताना आम्ही यादी केली. तीत त्या फाइलचा क्रमांक होता, पृष्ठसंख्या होती. ती बाई दर महिन्याला येते हे त्या यादीत नव्हते, कारण तसा रकाना नसतो.

होडीवर असे चालत नाही. बोट रोखणाऱ्याला दुसऱ्या कामाला जावयाचे असेल तर दुसऱ्याने त्याच्या शेजारी उभे राहून, त्याच्या हाताच्या रोखाने पाहून, ‘मला दिसला’ असे म्हणावे लागते. मगच पहिल्याने हात खाली घ्यावयाचा. सहा महिन्यांनी ती बाई जिन्यात भेटली. ‘ती शाखा आता आमची नाही’ हे नियमाप्रमाणे बरोबर असलेले वाक्य आमच्या ओठांवर आले होते. त्याच वेळी मालवणच्या त्या तांडेलाचा ‘खंय?’ आम्हांस ऐकू आला. आम्ही तिला घेऊन नव्या कारकुनाच्या मेजापाशी गेलो, फाइल शोधली, दोन्ही तारखा दाखविल्या आणि त्याला ती बाईही दाखविली. तो तरुण होता, शहाणा होता. त्याने मान हलविली. पुढचे सारे त्याने केले. तीन महिन्यांनी तिचे काम झाले.

यात आमचा काही पराक्रम नाही. सहा महिने आमची नजर ढळलेलीच होती. पाहण्याचे कर्तव्य सहज पाळले जाते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आम्ही ते दोनदा चुकलो आहोत, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनी किंवा पायांनी आम्हांस सावरले. म्हातारी पाहत राहिली म्हणून ते गृहस्थ वाचले. ती बाई येत राहिली म्हणून तिची फाइल वाचली.

त्या गृहस्थांचे नाव-गाव आम्ही विचारले नाही. आपण ज्या हाताचे आभार मानीत आहात तो मध्येच रिकाम्या पाण्याकडे रोखलेला होता, हे त्यांना त्याच वेळी सांगावयास हवे होते. आता ते सांगता येण्यासारखे नाही. हलसूर तळ्याकाठी संध्याकाळी कधी फिरावयास गेलो आणि पाण्यात एखादी होडी दिसली, की आमच्याही नकळत आम्ही तिच्यातली माणसे मोजतो. आणि ती काठाला लागेपर्यंत सहसा तेथून हलत नाही.